डाव्या कडेची चार बोटे

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, फोटो स्टुडिओचा. वडशाला वामनरावांच्या स्टुडिओत मी चाळीस वर्षे काढली, आणि माझ्यावर समुद्र आहे. खरा समुद्र इथून फार लांब. त्यामुळे या भागातल्या पुष्कळ लोकांनी समुद्र म्हणून पाहिला तो मलाच. याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

मला दसरू पेंटरने रंगवले. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांसाठी तो राजवाडे आणि जंगले रंगवायचा. समुद्र त्यानेही पाहिलेला नव्हता. पूर आलेली वैनगंगा घ्यायची आणि पलीकडचा काठ पुसून टाकायचा, असे त्याला कुणीतरी सांगितले. त्याने तसेच केले. खडक नदीतलेच घेतले आणि पाण्याला टेकलेला शेंदरी सूर्य काढला. हा उगवता सूर्य आहे, असे वामनराव प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मीही तेच समजून चाललो होतो.

माझ्यापुढे कोण कोण उभे राहिले म्हणून सांगू! बौद्ध लग्नातल्या पांढऱ्या लुगड्यातल्या नव्या नवऱ्या, दहावी पास झालेली मुले, खोट्या मिश्या लावलेले नट. एकदा एक बोकडही आला आणि माझी लाट चाटून गेला. उभ्या राहिल्या नाहीत त्या फक्त वामनरावांच्या बायको, बायनाबाई. माझा डावा कोपरा पहिल्याच वर्षी फाटला. पंखा लावला की तो फडफडायचा, म्हणून त्या बाजूला उभ्या राहून तो धरायच्या. हात जरा पुढे आला की फोटोत डाव्या कडेला त्यांची चार बोटे यायची. इथल्या कितीतरी घरांत ती बोटे भिंतीवर टांगलेली आहेत. ती कुणाची, हे कुणी विचारले नाही.

मग हातोहाती मोबाइल आले आणि मी गुंडाळला गेलो. कपाटावर धूळ खात पडलो. बायनाबाई मात्र दर उन्हाळ्यात मला उलगडून ऊन दाखवायच्या. एकदा माझ्या लाटेवरची धूळ पुसताना त्या म्हणाल्या, "मले खरा समुद्र एकदा पाह्याचा हाय." हे त्यांनी दुसऱ्या कुणालाही सांगितल्याचे मी ऐकले नाही.

मागच्या डिसेंबरात त्यांची लेक संघप्रिया नागपूरहून आली. ती तिथल्या शाळेत गणित शिकवते. कोकणातला खडकाळ किनारा मोटारीने फिरायचा आणि त्याचे मोठमोठे फोटो काढायचे, हे वामनरावांचे जुने स्वप्न. लेक म्हणाली, गाडी मी चालवते. दोघांनी बेत आखायला घेतला. पुरेसा मोठा कागद सापडेना, तेव्हा मला जमिनीवर पालथे घातले आणि माझ्या पाठीवर खडूने रस्ता काढला. मला भारी गुदगुल्या झाल्या. गुहागर, रत्नागिरी, देवगड. अंतरे आणि मुक्काम लेकीने जमवले. उजेडाचे काम वामनरावांचे, त्यात कुणी बोलायचे नाही, अशी या घराची रीतच होती. त्यांनी प्रत्येक गावापुढे 'पहाटे चार' असे लिहिले. सूर्य पाण्यातून वर येताना आपण खडकावर हजर पाहिजे, म्हणाले.

बायनाबाईंचे गुडघे सकाळी दहापर्यंत वाकत नाहीत. वामनराव खडूशी चाळा करत म्हणाले, "तू घरीच राह्य बायना. पहाटे चारले खडकावर जा लागते. तुले नाई जमणार."

बायनाबाईंनी एवढेच विचारले, की सोबत चिवडा देऊ का. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी त्या दिवशी बोललो असतो.

थोड्या वेळाने त्या चहा घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवरच्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"इथी सूर्य कुरखेड्याकडून निघते अन् ब्रह्मपुरीकडं बुडते," त्या म्हणाल्या. "कोकण तं ब्रह्मपुरीच्याही पलीकडं हाय. मंग तिथी सकाळी समुद्रातून सूर्य कसा निघन?"

संघप्रियाने कपाळावर हात मारला. वामनरावांनी मला उलटे करून माझ्या सूर्याकडे कितीतरी वेळ पाहिले. चाळीस वर्षे ज्याला सकाळ म्हटले ती संध्याकाळ निघाली. मीसुद्धा ओशाळलो. मग त्यांनी मला पुन्हा पालथे केले, सगळीकडचे 'पहाटे चार' तळहाताने पुसले आणि 'संध्याकाळी पाच' लिहिले.

"संध्याकाळी तं तुहे गुडघे चालते," ते हळूच म्हणाले. "चाल मंग."

निघायच्या दिवशी बायनाबाई नवे लुगडे नेसून आल्या आणि म्हणाल्या, आधी माझा एक फोटो इथे काढा. मला भिंतीवर चढवले. त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या, आणि हातांचे काय करावे हे त्यांना कळेना. कॅमेरा लेकीने घेतला. पंखा चालू होता, माझा कोपरा फडफडला. वामनराव धावत गेले आणि त्यांनी तो धरला.

तो फोटो आता स्टुडिओत माझ्या शेजारीच लावला आहे. त्यात डाव्या कडेला चार बोटे दिसतात, जाडजूड आणि माझ्या पाठीवरच्या खडूने पांढरी झालेली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या कडा एकदा नीट पाहा. तिथे कुणाची तरी बोटे सापडतील. पुढच्या वेळी कुठे जायचा बेत आखाल, तेव्हा त्या माणसाला आधी विचारा, तुम्हाला किती वाजता निघायला जमेल?