कुनिगो, कुनिगे

"तुमचे वडील माझ्याशी चक्क मालवणीत बोलायचे!" योनासच्या मुलीला, ओनाला, मी हौसेनं सांगितलं. तेव्हाच माझी जीभ झडली कशी नाही!

१९८७ साल, ग्लासगोजवळचं हॉस्पिटल. योनास लिथुआनियाहून येऊन इथल्या कोळशाच्या खाणीत राबलेला म्हातारा. नजर अधू. त्यात अर्धांगाचा झटका आला आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती मायबोली, आणि ती वॉर्डात कुणालाच येत नव्हती. मी राउंडला गेले की म्हणायचा, "कुनिगो." मी मालवणची. मला ऐकू यायचं, "कुणी गो?" कोण आलंय ते विचारतोय, असं समजून मी रोज हसून सांगायची, "मी, प्रमोदिनी!" नर्सेसना हा किस्साही ऐकवला, शहाणीनं.

ओना मिल्टन कीन्सहून गाडी चालवत पोचली, तोवर तो गेला होता.

माझा किस्सा ऐकून ती हसली नाही. "कुनिगास म्हणजे पाद्री," ती म्हणाली. "शब्द मूळचा जर्मन लोकांचा, राजा या अर्थाचा. आम्ही तो उसना घेतला आणि पाद्र्याला लावला. 'पाद्री हवा' म्हणताना त्याचं 'कुनिगो' होतं."

मरणारा माणूस आठवडाभर पाद्री मागत होता आणि मी त्याला माझं नाव सांगत होते!

"शेवटच्या दिवशीही 'कुनिगो'च म्हणाले?" तिनं विचारलं.

"नाही. 'कुनिगे'." माझ्या कानाला गो काय नि गे काय, सारखंच.

ओना ताडकन उठली. "गे? नक्की? अहो, ती हाक आहे! पाद्री समोर असला तरच 'कुनिगे' म्हणतात. तुम्हीच त्यांना पाद्री वाटलात. पुढे काही बोलले?"

"बरंच. माझा हात धरून, रडत."

"म्हणजे पापांची कबुली दिली त्यांनी. माफी मागितली." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही काय म्हणालात?"

रडू नका, म्हणून मी जोरजोरात मान हलवली होती. "नो, नो, नो." त्यानं माझा हात सोडला होता आणि भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"मी हो म्हणाले," मी ओनाला सांगितलं.