दोन्ही ड्राइव्ह एकसारख्या

स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जोडायला माणूस बोलवा."

"तीस वर्षं कॅमेरे खोलतोय, जोडतोय. चार वायरी मला जड आहेत का?" मी म्हटलं. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी तो होकार धरतो. लग्नापासून माझं हे असंच चाललंय.

घाई होती हे खरं. समोरच्या शिवणवाल्या ताई चार वाजता येणार होत्या. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या वडिलांना इथेच बसवून फोटो काढले आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांचा एकट्याचा दुसरा फोटोच नव्हता. त्यातला एक मोठा करून द्यायचा होता.

तर साहेब कामाला लागले. टेबल खिडकीपासून ओढलं, स्क्रीनवर उजेड पडायला नको म्हणून. वायरी नीट बांधल्या. फोटो साठवायच्या दोन्ही ड्राइव्ह फडक्याने चकचकीत पुसल्या. जुनीत स्टुडिओचं सगळं काम, नवी कोरी. दोन्ही डब्या काळ्या, एका मापाच्या. पुसून परत लावताना कुठली कुठे गेली, हे बघायची गरज मला वाटली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

एक बिघडली तर दुसरीत सगळं असावं, म्हणून दोन्ही एकसारख्या ठेवणारा प्रोग्राम मी घातला होता. इतका खबरदार माणूस मी! त्याने विचारलं, मूळ कुठली? मी ऐटीत वरच्या नावावर बोट ठेवलं. दुसरी आधी पूर्ण पुसू का? पूस बाबा, स्वच्छता हवीच. आणि मी चहा प्यायला गेलो.

आलो तर दोन्ही एकसारख्या झाल्या होत्या. रिकाम्या! मूळ म्हणून मी कोरीच निवडली होती.

शेवटी बायको म्हणत होती त्या कॉम्प्युटर जोडणाऱ्या माणसाला फोन लावलाच. "पूर्ण पुसा म्हणालात?" त्याने विचारलं. "हो," मी म्हटलं. "मग काही उरत नाही," तो म्हणाला. कॅमेऱ्यातलं कार्ड? त्यावर मी कधीच एका दुकानाच्या चारशे खुर्च्यांचे फोटो काढून ठेवले होते.

"मी सांगू का त्यांना?" बायकोने हळूच विचारलं. एक शब्द टोचून बोलली नाही, त्याने जास्तच मेल्यासारखं झालं.

"नको. माती मी खाल्लीय."

चारच्या ठोक्याला ताई आल्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "ताई, फोटो गेले. माझ्या हातून पुसले गेले. सगळे."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या.

"बाबा घरी येऊन सांगत होते, फोटोवाल्याने मला हसवलं म्हणून. हसले होते?"

"हसले होते."

"कसे हो? वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत ना, मग तेवढं सांगा."

मी तोंड उघडलं. चाळीस मिनिटं तो माणूस माझ्यासमोर हातभर अंतरावर बसला होता. कॉलर एका बाजूला वर आली होती, ते आठवलं. हनुवटीखालची सावली आठवली. चेहरा काही केल्या येईना. इतकी लाज मला रिकाम्या ड्राइव्ह बघूनही वाटली नव्हती.

"त्यांच्या चष्म्यावर चमक येत होती," मी म्हटलं.

"आणि हसले तेव्हा?"

"तेव्हाही मी चष्म्याकडेच बघत होतो, ताई."