तळघरातले रविवार

आमच्या गावात हॅमर्स हरले की सोमवारी कुणी कुणाशी धड बोलत नाही, आणि जिंकले की न्हाव्याकडेसुद्धा फुकट कॉफी मिळते. त्या वर्षी सप्टेंबरपासून नुसती कॉफीच कॉफी. एकावन्न वर्षं चषकाचं तोंड न पाहिलेला आमचा हा अमेरिकन फुटबॉलचा संघ, एकाएकी समोर येईल त्याला लोळवत सुटला. प्रशिक्षक नवा होता, चेंडू फेकणारा गडी तर भलताच तयारीचा. पण एमिल ह्रुश्काला विचाराल तर कारण एकच होतं. त्याची बायको तळघरात बसत होती.

हसू नका. आमच्याकडे घरोघरी असलं काहीतरी असतंच. एमिलचा जिवलग दोस्त गस पाव्लाक, ज्याच्याबरोबर त्याने तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर घाम गाळला, तो संघ जिंकत असेपर्यंत मोजे धूत नसे. त्याच्या शेजारी बसून सामना बघायचा म्हणजे छातीच लागायची. तर हंगामाच्या पहिल्या रविवारी हॅमर्स दहा गुणांनी मागे होते. एमिलची बायको व्हर्ना मशीनमधले कपडे काढायला तळघरात गेली आणि इकडे बाजी पालटली. दुसऱ्या रविवारी ती सॉसेजची थाळी घेऊन वर आली आणि नेमका त्याच क्षणी समोरच्यांनी टचडाउन ठोकून सहा गुण घेतले.

"व्हर्ना, तू आपली खालीच बरी," गस म्हणाला. तिघंही हसले. व्हर्ना थाळी ठेवून खाली गेली, हॅमर्स जिंकले, आणि झालं, नियम ठरला.

खरं तर ती त्या दोघांपेक्षा कट्टर. लग्न झाल्यापासून चव्वेचाळीस वर्षं एमिलच्या शेजारी सोफ्यावर बसून ती पंचांचा उद्धार करत आली होती. आता तिने कपड्यांच्या मशीनजवळ एक खुर्ची टाकली, पत्त्यांचा जोड घेतला आणि एकटीच डाव मांडत बसू लागली. रेडिओसुद्धा नाही, कारण ऐकणं म्हणजे बघितल्यासारखंच, असं गसचं शास्त्र. वर पाय आपटल्याचा आवाज आला की तिने समजायचं, आपण पुढे आहोत.

ऑक्टोबरात तिच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, फार तर मार्चपर्यंत. त्या रविवारी एमिल तिला म्हणाला की खड्ड्यात गेला तो नियम, तू वर बस. पण व्हर्नाच ऐकेना. इतकी वर्षं वाट बघितलीस, आता माझ्यामुळे गेलं असं व्हायला नको, म्हणून ती जिना उतरून गेली. आता माणसाने हाताला धरून मागे आणावं की नाही? एमिलने एकदा हाक मारली आणि टीव्ही लावला.

नोव्हेंबरात एका सामन्याच्या मध्येच तिला खाली भोवळ आली. दोघांनी उचलून तिला वर सोफ्यावर निजवलं, पांघरूण घातलं. टीव्ही चालूच होता. आणि हॅमर्स त्या दिवशी हरले, अख्ख्या हंगामात एकदाच. शेवटची शिट्टी झाली तेव्हा एमिलने मान वळवून बायकोकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि तो व्हर्नाने बघितला. पुढच्या रविवारी कुणी काही म्हणायच्या आत ती कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत खाली गेली.

नाताळ झाला, बाद फेरी सुरू झाली. हॅमर्स बर्फात जिंकले, जादा वेळेत जिंकले. लोक घरांवर झेंडे लावत होते, पाद्रीबाबा प्रवचनात संघाचं नाव घेत होते. व्हर्नाचं वजन मात्र इतकं उतरलं होतं की जिन्यावरून तिला नेताना एमिलला धापसुद्धा लागत नसे. हो, शेवटी शेवटी तो स्वतःच तिला उचलून खाली नेऊन बसवायचा. असा माणूस. वाईट नव्हता हो, बायकोवर जीव होता त्याचा. तिला आता दुसरं काय देणार आपण, निदान चषक तरी दाखवू, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

फेब्रुवारीत अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी घरी येऊन रुग्णसेवा करणाऱ्यांनी दवाखान्याचा पलंग आणून बैठकीच्या खोलीत लावला. दुसरीकडे तो मावतच नव्हता. आता व्हर्नाला हलवायचं नाही, असं नर्सने बजावलं.

सामन्याच्या दिवशी गस दारात आला, तो व्हर्नाला टीव्हीसमोर बघून उंबऱ्यावरच थबकला. मग एमिलला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, की नर्स आहेच, तू तीन-चार तास माझ्याकडे चल, तिला कळणारसुद्धा नाही.

"मी इथेच बघणार," एमिल म्हणाला. "हिच्याजवळ."

"एमिल, अरे, एकावन्न वर्षं."

"तू जा, गस."

गस गेला. एमिलने पलंगाला खुर्ची लावली, व्हर्नाचा हात हातात घेतला आणि टीव्ही लावला. ती मधूनच डोळे मिटायची, मधूनच गुण विचारायची. हॅमर्स आधी मागे पडले. मग बरोबरीला आले. आणि त्यांनी आघाडी घेतली तेव्हा एमिलला आनंदच होईना. काय होतंय ते त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपला संघ हरावा, असं त्याला वाटत होतं. तो हरला तरच व्हर्नाचे तळघरातले ते सगळे रविवार कारणी लागणार होते.

शेवटच्या चार सेकंदांत हॅमर्स पुन्हा दोन गुणांनी मागे होते. एक किक उरली होती, लांबची, वाऱ्याविरुद्धची; खांबांमधून गेली तर तीन गुण. गावातलं प्रत्येक माणूस देवाची करुणा भाकत असणार. एमिलही भाकत होता. चुकू दे, देवा, एवढी चुकू दे.

चेंडू दोन्ही खांबांच्या बरोबर मधून गेला.

बाहेर भोंगे वाजायला लागले, कुणीतरी भांडी बडवत रस्त्यावर आलं. व्हर्नाने डोळे उघडले. पडद्यावर कागदाचे तुकडे उडत होते, ते ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा चेहरा किती महिन्यांनी उजळला होता.

"बघ एमिल," ती म्हणाली. "मी इथेच होते."

"हो गं."

"म्हणजे माझ्यामुळे काही नव्हतं होत."

"नव्हतं, व्हर्ना. कधीच नव्हतं."

रागावली असती तर एमिलला सोसलं असतं. पण ती रागावली नाही.

"मला खाली फार एकटं वाटायचं रे," ती म्हणाली.

तेवढ्यात गस दार ढकलून आत आला, टोपी हवेत फेकत, भिजल्या डोळ्यांनी. एमिल पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हुंदके देत होता. गसने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, रड, लेका, रड, एवढी वर्षं याच दिवसाची तर वाट बघत होतो आपण.