तिसरी कॅप

काडेपेटीत कापूस, कापसात बायकोच्या दाढेवरच्या कॅपचा तुकडा आणि काडेपेटी वरच्या खिशात. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावरही कारागिराने खिशावरचा हात काढला नाही. शेजारी बायको गालाला रुमाल लावून भिंतीवरचा दात घासायचा तक्ता तिसऱ्यांदा वाचत होती.

एकतीस वर्षं तो लॅबमध्ये दातांच्या सिरॅमिक कॅप करत आला होता. पावडर पाण्यात कालवायची, ब्रशच्या टोकाने थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा पुढचा थर. हजारो लोक त्याच्या हातचे दात घेऊन जेवत होते आणि त्यातल्या एकालाही तो कोण हे ठाऊक नव्हतं. त्याची तक्रार नव्हती. पण घरच्याच दाढेने त्याचं नाक कापलं. बायकोची पहिली कॅप अकरा वर्षं टिकली. दुसरी दोन वर्षांत फुटली. आणि ही तिसरी, जीव ओतून केलेली, आठ महिन्यांत गेली.

लॅबच्या मालकीणबाईंनी ठोकळ्यातून कॅप कोरून काढणारं यंत्र आणलं होतं. "तुमचा हात आहे तोवर थर तुम्हीच चढवा," त्या म्हणाल्या होत्या. आहे तोवर! महिनाभर ते दोन शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हते. हात गेला असेल तर आज डॉक्टर तोंडावर सांगतील आणि उद्यापासून तो यंत्रात ठोकळे बसवत उभा राहील. तो इतका दमला होता की तेही चाललं असतं. फक्त एकदाचं कळू दे.

तरुण डॉक्टरांनी तुकडा भिंगाखाली धरला, जाडी मोजली, कडा पाहिल्या.

"काका, तुमच्या कामात खोट नाही. जाडी बरोबर आहे, चकाकी शाबूत आहे."

"मग फुटली कशी? एरवी दहा-पंधरा वर्षं टिकते."

"नीट वापरली तर त्याहून जास्त. काकू, बर्फ चावता का? दाताने पाकिटं फोडता?"

"छे हो! मी त्या बाजूने चावतच नाही. फुटली तर ह्यांना वाईट वाटेल म्हणून."

डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला सांगितलं आणि आरसा धरून त्याला खालच्या दाढा दाखवल्या. त्यांची टोकं झिजून फरशीसारखी सपाट झाली होती.

"झोपेत दात खातात ह्या. जेवताना पडतो त्याच्या कितीतरी पट जोर पडतो. तुम्हाला रात्री आवाज येत असेल ना?"

तीन वर्षांपूर्वी लॅबच्या धुळीने त्याला खोकला लागला, तेव्हा तिची झोपमोड नको म्हणून त्याने गादी बाहेरच्या खोलीत टाकली होती. चार दिवसांसाठी. खोकला गेला, गादी तिथेच राहिली.

"मी बाहेरच्या खोलीत झोपतो," तो म्हणाला.

"बरं. मग रात्री दातांवर घालायची पट्टी करा त्यांना. नवी कॅप त्यानंतर."

हात शाबूत होता. आनंद व्हायला हवा होता, पण जिना उतरताना तो मध्येच थांबला.

"तू आधीपण दात खायचीस?"

"लग्नाआधीपासून."

"मग पहिली अकरा वर्षं कशी टिकली?"

बायकोने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुम्ही झोपेतच माझ्या गालावर हात ठेवायचात. ठेवलात की मी थांबायचे."

त्याला यातलं काहीच आठवेना. त्याची त्याला फार लाज वाटली.

"सांगायचं नाही का?"

"काय सांगू? गादी आत आणा म्हणून? या वयात?" ती कठडा धरून पुढे उतरू लागली. "पट्टी तेवढी लवकर करा."

घरी आल्यावर त्याने चपला काढल्या आणि तो थेट गादीपाशी गेला. गुंडाळी करून उचलायला गेला तर कंबर धरली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"घोरलात तर परत बाहेर," ती म्हणाली.

"पट्टी उद्या करतो. आधी हे टोक धर."

तिने धरलं.