पाळधीपर्यंत

“लिलानी वाटमा काही सांगं, तर ते पोटमाच ठेवजो. कोनले सांगू नको. ताईबाईले तर बिलकुलच नही.”

मंदाबाईंनी हे सांगितलं तेव्हा कुंदाचं अर्धं लक्ष दुधाच्या बाटलीत होतं. दीड वर्षाच्या मुलीला ती पहिल्यांदाच रात्रभर सोडून चालली होती. शेजारच्या मंदाबाईंना सूचना देता देता तिचा घसा कोरडा पडला होता. बाटली उकळून घ्या, खोकली तर छातीला तेल चोळा, फारच रडली तर बोलवा. कुणाला बोलवायचं, ते मात्र तिचं तिलाच सुचेना.

“मावशी, लिलाबाई कसलं काय सांगतेय? तिच्या तोंडून शब्द निघत नाही,” ती हसली. “आणि सांगितलं तर सांगू दे. बोललं की माणूस मोकळं होतं.”

कुंदा बी. ए. झालेली होती. मंदाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मुलीला कडेवर घेतलं आणि विषय सोडून दिला.

जळगावलगतच्या पिंप्राळ्याच्या महिला मंडळाची ही फेरी दर कोजागिरीला निघायची. हमरस्त्याने गिरणेचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत पायी जायचं, तिथे शाळेच्या मैदानात दूध आटवायचं आणि उजाडता टेम्पोने परत यायचं. प्रत्येक बाई आपल्या गल्लीतून आधीच कबूल करून घ्यायची, की मी शेवटपर्यंत चालले तर तुम्ही अमुक द्यायचं. एका वर्षी अंधशाळेसाठी धान्य जमवलं होतं, एका वर्षी दवाखान्यासाठी चादरी. यंदा लातूरकडे भूकंप होऊन जेमतेम महिना झाला होता, म्हणून घोंगड्या. वाटेत जी मागून येणाऱ्या टेम्पोत चढली, तिची घोंगडी गेली.

पण बायांना रात्रभर बाहेर सोडणार कोण? त्यासाठी ताईबाई होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या पिंप्राळ्याचे कान त्यांनी पिळलेले. फेरीच्या आधी त्या घरोघर जायच्या आणि उंबऱ्यावर उभं राहून सांगायच्या, “तुमची बाई माझ्या जिम्मेदारीवर. उजाडता तुमच्या दारात आणून उभी करते.” आणि करायच्याच. सकाळी टेम्पो दारोदार थांबायचा, ताईबाई स्वतः उतरायच्या, नवऱ्यासमोर नाहीतर सासूसमोर बाईला उभी करायच्या. “घ्या, जशी नेली तशी आणली.” मंडळ चाललं होतं ते या एका वाक्यावर.

त्यांनी मागितलं म्हणूनच देवचंदने बायकोला, लिलाबाईला, फेरीला येऊ दिलं होतं. देवचंद सरकारी कचेरीत कारकून होता. गोड बोलायचा, गणपतीची वर्गणी सगळ्यांच्या आधी द्यायचा. त्याची बायको मात्र लोकांना दिसायची ती खिडकीच्या गजांमागेच. तिथे थांबून तिच्याशी दोन शब्द बोलायच्या त्या एकट्या मंदाबाई.

त्या रात्री लिलाबाई सगळ्यांच्या पुढे होती. पदर खोचून, मान खाली घालून अशी सपासप चालत होती की मंडळातल्या सुनंदाबाईंनी मागून हाळी दिली, “अगं ए लिले, घोंगडी पळून जातेय का तुझी? दम खा जरा!”

केळीचे ट्रक उगाच भोंगे वाजवत बाजूने जात होते. एकाने गाडी हळू केली तशी सुनंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “काय पाहतो रे भाऊ? जा पुढे, केळी पिकतील!” बाया खिदळल्या. कुंदा तेवढी मागे वळून वळून जळगावचे दिवे पाहत होती.

“तू काय मागं पाहतेस सारखी? पोरगी टेम्पोमागे रांगत येतेय का?” सुनंदाबाईंनी तिलाही सोडलं नाही.

“नाही हो. दूध प्यायली असेल का, एवढंच.”

गिरणेच्या पुलावर लिलाबाईने पाय हळू केले. कुंदा बरोबरीला येईपर्यंत थांबली. खाली पाणी चांदण्यात लखलखत होतं. तिने तिकडे पाहिलंही नाही.

“कुंदा, सकाळची पॅसेंजर पाळधीला थांबते ना गं?”

“सुरतेकडे जाणारी? थांबते. का?”

लिलाबाईने पुढे गेलेल्या बायांकडे पाहून आवाज खाली आणला. मग तिच्या माहेरची बोली आपोआप तोंडात आली. “मी दोंडाईचाले जासू. मायकडे. तुम्ही टेम्पोमा बसशात, तवय मी ठेसनवर जासू. तू फक्त बोलू नको.”

“अगं, पण सांगून जा की. देवचंदभाऊ—”

“तो कचेरीमा जास तवय बाहेरथून कुलूप लाई जास.” ती पाऊस पडला, भाजी महागली अशा आवाजात सांगत होती. “लगीन झायं तवपासून. मायनी चिठ्ठी येस, तो चुलामा टाकस. मागला साल बी मी पाळधीलोंग उनू, पन हिंमत झायी नही. वरीसभर हाई रातनीच वाट देखी राहिनू.”

 कुंदाने लिलाबाईचा हात धरला. तो चालून चालून गरम झाला होता.

तिथून पाळधीपर्यंत कुंदाला स्वतःच्या मुलीची आठवण आली नाही. गाडीला उशीर झाला तर? स्टेशनवर ही एकटी बाई, कोणी काही केलं तर? देवचंद मागोमाग दोंडाईच्याला पोचला तर? आणि उद्या सकाळी त्याच्या दारात ताईबाई काय सांगतील? एक बाई परत आली नाही, एवढं कळायचा अवकाश. मग कुठला नवरा आपल्या बाईला पाठवणार? तिचा स्वतःचा तरी पाठवील का? काळजी करायची तिला सवयच होती. ती एवढी झाली की कुंदाला वाटलं, हे एकटीच्या डोक्याचं काम नव्हे. ताईबाईंना सांगावं. त्या शिकलेल्या, खंबीर. एखादी बाई सोबत देतील, स्वतः गाडीत बसवून देतील.

दुधाला उकळी फुटत होती. कुंदाने ताईबाईंना बाजूला घेतलं.

ताईबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. “मारतो का?”

“तसं बोलली नाही. पण कुलूप लावतो.”

“वाईटच आहे. पण आज नाही, कुंदा. माझ्या शब्दावर इतक्या घरांनी बाया सोडल्यात. एक हरवली की उद्यापासून सगळ्यांच्याच दाराला कुलूप. आधी तिला घरी नेऊ. मी स्वतः बोलते देवचंदशी. मोठ्यांनी तोंडावर सांगितलं की माणूस लाजतो.”

परतताना लिलाबाईला टेम्पोत मधोमध बसवलं. एका बाजूला सुनंदाबाई, दुसऱ्या बाजूला ताईबाई. त्यावरूनच लिलाबाई समजली. पॅसेंजर आली तेव्हा टेम्पो गावाबाहेर पडत होता. शिट्टी ऐकून बायांनी माना वळवल्या. लिलाबाईने वळवली नाही. ती कुंदाकडे पाहत होती. रागाने पाहिलं असतं तर कुंदाला सोसलं असतं. ती पत्ता चुकल्यासारखी पाहत होती.

देवचंद दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर उभा होता.

“घ्या, जशी नेली तशी आणली,” ताईबाई म्हणाल्या. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, शाळेतल्या मुलाशी बोलावं तशा मायेने म्हणाल्या, “आणि देवचंद, पोरीला आईची आठवण येते रे. पाळधीहूनच गाडी धरत होती! आम्ही समजूत घालून आणली. चार दिवस पाठव तिला माहेरी. आणि कुलूपबिलूप लावत नको जाऊस. बरं दिसत नाही.”

“काय सांगता! एवढंच ना?” देवचंद हसला. “मलाच सांगायचं होतं की. पाठवू ना. लिला, आत जा, ताईबाईंना चहा ठेव.”

लिलाबाई आत गेली. चहा आला तो देवचंदच्या हातून.

घरी मंदाबाईंनी मुलगी तिच्या कडेवर दिली. कुंदाचं तोंड पाहूनच त्यांनी विचारलं, “सांगं का तू?”

कुंदाने होकाराची मान हलवली. मंदाबाई पायात चप्पल सरकवून निघून गेल्या.

दिवाळी सरली तोवर देवचंदने बदली करून घेतली होती. शिंदखेड्याला. “दोंडाईचा तिथून हाकेच्या अंतरावर,” तो सगळ्यांना सांगत होता. “ताईबाईंचा शब्द मोडवेना.” सामान ट्रकमध्ये चढलं. लिलाबाई ड्रायव्हरशेजारी कधी बसली, ते कुणीच पाहिलं नाही.

थंडी संपता संपता एक म्हातारी विचारत विचारत कुंदाच्या दारी आली. लिलाबाईची आई, नर्मदाबाई. ती शिंदखेड्याला जाऊन आली होती, एकदा नव्हे, पुष्कळदा. “जावाई दारमाच हुभा ऱ्हास,” ती म्हणाली. “कधी सांगस धुळ्याले गयी, कधी सांगस झोपेल शे. पयले आतथून भांडासना आवाज तरी ये. आते तो बी नही.” पाणी न पिताच ती उठली. गाडी चुकेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुंदा नवऱ्याशी भांडून, मुलीला कडेवर घेऊन शिंदखेड्याला गेली. दाराला बाहेरून कुलूप होतं. तिने हाका मारल्या, खिडकीची फळी वाजवली. शेजारीण बाहेर आली. “कोनी बाई ऱ्हास आठे?” ती नवलाने म्हणाली. “आम्ही तर त्या एकटा भाऊलेच देखतस.” कुंदा गेली ठाण्यात. हवालदाराने विचारलं, तुम्ही तिच्या कोण? शेजारीण, ती म्हणाली. मग नवऱ्याला तक्रार करू द्या, तो म्हणाला. मुलगी तापाने फणफणली होती. संध्याकाळच्या गाडीने कुंदा परतली.

पुढच्या कोजागिरीला ताईबाई घरोघर हिंडल्या. बाया निघाल्याही. कुंदा गेली नाही. दिवे मालवून ती ओट्यावर बसून राहिली.

सुरतेच्या गाडीला बसणाऱ्या प्रत्येकाला ती अजून सांगते, ओळख असो नसो. तुम्हीही कधी त्या बाजूला गेलात तर शिंदखेड्याला उतरा. देवचंद कारकुनाचं घर विचारा. त्याला सगळे ओळखतात, माणूस चांगला म्हणून. तो कचेरीत असेल अशाच वेळी जा. कुलूप पाहून परत फिरू नका. दाराशी तोंड नेऊन म्हणा, लिलाबाई, आईने पाठवलंय. मग थोडं थांबा. तिला आवाज काढायची सवय राहिली नसेल.