देव्हाऱ्यातला बिल्ला

दिव्याने खोलीची किल्ली ओट्यावर ठेवली, तेव्हा गिरजाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. किल्ली ठेवली तीही अशी, की आवाज होऊ नये. गिरजाबाईंना ते काही आवडलं नाही. मोशीतल्या त्यांच्या सहा खोल्यांत वीस वर्षांत निम्मा मराठवाडा राहून गेला होता. जाणारी माणसं किल्ली हातात देत, चार शब्द बोलत, एखादी सून रडतही असे. आवाज न करता किल्ली ठेवणारं माणूस काहीतरी पोटात घेऊन चाललेलं असतं, हे त्यांना कळत होतं.

"आज्जी, दुपारच्या गाडीनं गावाकडं जायलेय," दिव्या म्हणाली. "या महिन्याचं भाडं डिपॉझिटातून कापून घ्या."

"आन् येणार कवा?"

"येत नाही आता."

गिरजाबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. पोर एकोणीस वर्षांची, औशाजवळच्या गावची. बारावी झाली आणि ओळखीच्या एका मुलीच्या सोबतीने इकडे आली. दीड महिन्यापूर्वी ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कंपनीत लागली होती. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. दुपारी तीनची शिफ्ट. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी यायची. पहिल्या दिवशी कंपनीचं कार्ड गळ्यात घालून ही पोर ओट्यासमोरून अशी ऐटीत गेली होती, की गिरजाबाईंना हसू आलं होतं. गेले आठ दिवस मात्र तिच्या खोलीतून फोडणीचा वास आला नव्हता. नुसता भात शिजत होता, तोही एकदाच.

"बस इथं," गिरजाबाई म्हणाल्या. "काय झालं ते सांग. घरी समदी बरी हायेत न्हवं?"

"बरी हायेत." दिव्या पायरीवर टेकली. "पगार नाही झाला, आज्जी. दहा तारखेला समद्यांचा झाला. माझ्यासंगं लागलेल्या चौघींचा बी झाला. माझाच नाही. आज अठरा."

"इचारलंस का?"

दिव्या ओट्यावरची लसणाची सालं बोटाने गोळा करू लागली.

"अगं, इचारलंस का कुणाला?"

"काय विचारू? माझीच चूक हाय." आणि मग ती भडाभडा बोलली. पहिल्याच आठवड्यात तिने चाळीस वायरींना उलट्या पिना बसवल्या होत्या. लाइनवरच्या मंजुषाताई सगळं उकलत बसल्या आणि म्हणाल्या, दिव्याबाई, आता पगार विसरा! सगळ्या हसल्या. दिव्याही हसली होती. पण दहा तारखेला पैसे आले नाहीत, तेव्हा तिला ते हसणं आठवलं. "मला काढूनच टाकणार असतील. बोलायलेत कुठं तोंडावर? पप्पा म्हणले होते, पहिला पगार हातात पडला तर ऱ्हा तिथं, नाहीतर गुमान परत ये. मामानं स्थळ आणलंय. पप्पा रोज विचारायलेत, झाला का, झाला का. किती दिवस खोटं बोलू?"

गिरजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या, पण त्यांना दिसत होता दुसराच कोणी. पंचविशीचा, सायकल भिंतीला टेकवून खाली मान घालून उभा राहिलेला.

तेव्हा या ओट्यासमोर घरं नव्हती. थेट इंद्रायणीपर्यंत कांद्याची वावरं होती आणि वारा सुटला की घरभर पातीचा वास यायचा. त्यांचे यजमान बबनराव भोसरीच्या कारखान्यात लेथवर लागले, ते या आळीतले पहिले नोकरदार. पायजमा सोडून पँट घातली म्हणून लोक वाटेत थांबवून बघायचे. कारखान्याने त्यांना पितळेचा बिल्ला दिला होता, त्यावर नंबर कोरलेला. सासूबाईंनी त्या बिल्ल्याला हळदकुंकू लावलं आणि तो देव्हाऱ्यात ठेवून दिला, खंडोबाच्या टाकाशेजारी. गेटवरचा रखवालदार तोंडओळखीने आत सोडायचा, त्यामुळे महिनाभर कुणाचं काही अडलं नाही. सात तारखेला मात्र पगाराच्या खिडकीवर बाबूने हात पुढे केला. बिल्ला? बिल्ला नाही, तर पाकीट नाही. हटा, पुढचा!

बबनराव हटले. मागच्या माणसांनी ढकलत पुढे नेलं, खिडकी बंद झाली आणि हे सायकलवर टांग मारून सरळ घरी. दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला जायच्या वेळी त्यांनी खुरपं हातात घेतलं, तेव्हा कुठे घरात कळलं. गिरजाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. तरी त्या बोलल्या होत्या. "इचारलं का? कशापायी दिला न्हाई, ते इचारलं का?"

"हटा म्हणलं मला," बबनराव म्हणाले होते.

तेवढ्या एका शब्दावर माणूस नोकरी सोडून निघाला होता. गिरजाबाईंनी देव्हाऱ्यातला बिल्ला काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. त्यानंतर बबनराव तिथे एकतीस वर्षं टिकले. या सहा खोल्या त्याच बिल्ल्यावर उभ्या राहिल्या.

"ऊठ," गिरजाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"चाकणला. त्या ठेकेदाराचं हापिस असंल ना कुठंतरी? का तो झाडाखाली बसतो?"

"आज्जी, नको. समद्यांसमोर नाही म्हणले तर?"

"म्हणू दे की. मग मीच तुला यष्टीत बसवून देते. पण 'न्हाई' हे त्यांच्या तोंडून ऐकून जा. तू आपल्या आपण कशाला म्हणतीस?" त्यांनी किल्ली उचलून पदराच्या टोकाला बांधली. "ही ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

बसमध्ये बसायला जागा मिळाली. पूल ओलांडताना गिरजाबाईंचे हात सवयीने जुळले. पुढे ट्रक आणि कंटेनर. चाकणच्या चौकात बस अर्धा तास जागची हलली नाही. पूर्वी या रस्त्याने त्या चाकणच्या बाजाराला यायच्या, कांद्याच्या गोण्यांवर बसून, आणि बैलदेखील याहून लवकर पोचायचे. दिव्या खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि कागद होते. पिशवीला तिने चार गाठी मारल्या होत्या.

ठेकेदाराचं ऑफिस एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. टेबलाशी सार्थक नावाचा चुणचुणीत मुलगा कॉम्प्युटरपुढे बसला होता.

"आज्जी, तुम्ही कोण?"

"हिची घरमालकीण. हिचा पगार न्हाई झाला. का न्हाई झाला, ते इचारायला आलोय."

"तुम्ही विचारायला आलाय? मग ही काय करतीये?"

"ती बी इचारंल." गिरजाबाईंनी दिव्याला कोपराने ढोसलं. "इचार गं."

दिव्याने गाठी मारलेली पिशवी टेबलावर ठेवली. मग ती बोलली. "सर, माझा पगार... मला काढलंय का?"

सार्थकने नाव विचारलं, नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठलाच. "अरे, तूच का ती! ताई, तुला मी किती शोधतोय! अगं, दहा तारखेलाच सोडला होता पगार, परत आला. हे खातं कधी काढलंय?"

"पाचवीत. स्कॉलरशिपसाठी."

"तरीच. हे लहान मुलाचं खातं आहे. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत जाऊन बदलून घ्यावं लागतं, नाहीतर खातं गोठवतात. पैसे जातच नाहीत त्यात. तुला फोन करायला पाच वेळा हा नंबर लावला," त्याने फॉर्मवर बोट ठेवलं, "तर कुणीतरी काका उचलतात, मी ठेकेदाराकडून बोलतोय म्हणायच्या आत 'लोन नको आम्हाला' म्हणतात आणि ठेवून देतात. शेवटी तर शिवीच दिली मला."

दिव्याने फॉर्मकडे पाहिलं. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर ती वडिलांचाच नंबर लिहीत आली होती. इथेही हाताने तोच लिहिला होता.

"पप्पा हायेत ते," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसलं. "पण सर, त्या चाळीस वायरी?"

"कुठल्या वायरी?"

"मंजुषाताई म्हणल्या होत्या, पगार विसरा."

"ती मला पण रोज म्हणते," सार्थक म्हणाला. "तुझं नाव कायम ठेवा असं तिनेच लिहून दिलंय. हात चांगला आहे म्हणते. आधार कार्ड आहे ना जवळ? जा, खाली बँकेत खातं काढ आणि नंबर आणून दे. सोमवारी सोडतो पैसे. आणि स्वतःचा फोन नंबर लिही, बाई."

बँकेत दीड तास गेला. नंबर वर नेऊन दिल्यावर गिरजाबाईंनी तिला वडापाव खाऊ घातला, दोन. शिफ्टची वेळ होत आली होती. कंपनीकडे जाणाऱ्या रिक्षात बसण्याआधी दिव्याने घरी फोन लावला. "पप्पा, सोमवारी होतोय. हो, खरं. आणि तुमी अनोळखी फोनवर शिव्या देऊ नका. आमचे सर होते ते."

पलीकडून काय उत्तर आलं, ते गिरजाबाईंना ऐकू आलं नाही. दिव्या मात्र बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मामाला सांगा, थांबा म्हणावं."

गिरजाबाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली तिच्या हातावर ठेवली.

सोमवार गेला. काहीच आलं नाही. दिव्याने त्या दिवशी कुणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. पायरीवर बसूनच सार्थकला फोन लावला. "सर, सोमवार म्हणला होता तुमी. मग कधी? उद्या किती वाजता?" लसूण सोलता सोलता गिरजाबाई आतून ऐकत होत्या. स्वरात विनवणी नव्हती.

मंगळवारी अकरा वाजता मोबाइल वाजला, पगार जमा झाल्याचा मेसेज होता. दुपारी कामावर निघताना दिव्या भाडं घेऊन आली, एका हातात मिठाईचा पुडा, आणि गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या हातात धरलेलं.

"आज्जी, तुमच्या देवापुढं ठेवू का हे? आई म्हणली, पहिल्या पगाराचं देवाला दाखव."

गिरजाबाई उठल्या. खंडोबाच्या टाकाशेजारी बबनरावांचा पितळी बिल्ला आताही होता. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी स्वतःच आणून ठेवलेला. गिरजाबाईंनी दिव्याच्या कार्डाला हळदकुंकवाचं बोट लावलं, बिल्ल्याला टेकवलं आणि लगेच तिच्या गळ्यात अडकवलं.

"दाखवलं देवाला. आता तिथं ठिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "गळ्यातच ऱ्हाऊ दे. पळ, बस चुकंल."