अत्यल्प गटाची किल्ली

पालिकेच्या घरांच्या सोडतीत व्हर्निसचं नाव निघालं, तेव्हा आम्ही दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव भाजत होतो. सहा वर्षं बहिणीच्या सोफ्यावर झोपणारी ही बाई, भर दुपारी डाव हातात घेऊन नाचली.

कागद घेऊन मीही तिच्यासोबत पालिकेत गेले. खिडकीतल्या पोरीने ते चाळले.

"मॅडम, तुमची कमाई कमी पडते."

"अगं बाळा, कमी आहे म्हणूनच तर आले ना!"

"ही परवडणारी घरं अल्प उत्पन्न गटासाठी आहेत. तुम्ही अत्यल्प गटात येता."

हे गट ठरवतात कसे, तर टेकडीवरच्या बंगलेवाल्यांची कमाईही हिशेबात धरून. म्हणून आमच्या शाळेतले गणिताचे सर अल्प उत्पन्नवाले ठरतात, आणि त्यांच्या वर्गाला रोज जेवू घालणारी व्हर्निस त्यांच्याही खाली. कॅलिफोर्नियात गरीब व्हायलासुद्धा ऐपत लागते!

"बरं, मग अत्यल्प गटाची इमारत कुठे आहे?" व्हर्निसने विचारलं.

पोरगी खाली बघत म्हणाली, "इमारत नाहीये अजून. व्याख्या मंजूर झालीय."

व्हर्निसने खिडकीतून हात आत घातला आणि तळवा पसरला.

"मग त्या व्याख्येची किल्ली दे. आज रात्री तिथेच झोपते."